७७७ न लावता: स्क्रिप्टने बनवलेल्या चित्रांच्या परवानग्या

उदाहरणासाठी भिलाईतले एक मराठी मंडळ धरू. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने इथे पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या या गावी नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कुटुंबे नोकरीसाठी येऊन कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमध्ये राहू लागली. त्यांची मुले-नातवंडे आता पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. गणपतीची आरती त्यांना मंडळाच्या संकेतस्थळावरच दिसते. म्हणून मंडळाने एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट बसवली आहे. ती तीन प्रकारची चित्रे बनवते: मोठ्या फोटोंच्या लहान आवृत्त्या, वर्गणीच्या पावतीचे चित्र आणि वर्गणी भरण्यासाठीचा यूपीआयचा क्यूआर कोड.

प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी कोणीतरी फोटो चढवतो. स्क्रिप्ट कुरकुर न करता चालते, पण पानावर फोटोच्या जागी तुटलेली चौकट दिसते. फोनाफोनी होते आणि ओळखीतला एखादा जाणकार सांगतो, ‘फोल्डरला ७७७ लाव, चालेल.’ चालतेही. पण त्याच घटकेपासून त्या सर्व्हरवरचा कोणताही वापरकर्ता मंडळाचा क्यूआर कोड काढून तिथे स्वतःचा ठेवू शकतो.

खरी अडचण आकड्याची नसते. चित्र कोणाच्या नावाने बनले आणि ते कोणाला वाचायचे आहे, हे ठरवलेले नसते म्हणून घोळ होतो. ही दोन नावे ठरली की आकडे आपोआप ठरतात. पुढची कृती त्याच क्रमाने दिली आहे.

लागणारे साहित्य

सर्व्हरवर टर्मिनलने शिरण्याची सोय, किंवा तेवढे नसेल तर होस्टिंग कंपनीचे फाइल मॅनेजर अथवा फाइलझिलासारखा प्रोग्रॅम. स्क्रिप्टचा मजकूर बदलण्याची मुभा. आणि सर्व्हरच्या एरर लॉगपर्यंत पोहोच. तो न बघता केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे काम.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या. मुख्य आज्ञा अशा:

- एलएस -एल: फाइलींची यादी, मालक आणि परवानगीसह.
- स्टॅट: एका फाइलीची सविस्तर माहिती, परवानगीचा आकडाही देते.
- नेमआय -एल (अक्षरे एन, ए, एम, ई, आय): मुळापासून फाइलीपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरची परवानगी.
- सीएचमॉड (सी, एच, एम, ओ, डी): परवानगी बदलते.
- सीएचओन (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन): मालक आणि गट बदलते.
- फाइंड: शोधून सापडलेल्या प्रत्येक वस्तूवर दुसरी आज्ञा चालवते.
- सुडो: आज्ञा मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, किंवा सांगू त्या वापरकर्त्याच्या नावाने चालवते.

पायरी १: आकडा वाचायला शिका

ही पद्धत युनिक्समधून आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती प्रणाली घडवली तेव्हा एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करत. म्हणून प्रत्येक फाइलीसाठी तीन वर्ग ठरले: मालक, गट आणि इतर सगळे. आजच्या शेअर्ड होस्टिंगवरही एकाच यंत्रावर शेकडो अनोळखी ग्राहक असू शकतात, त्यामुळे ही विभागणी अजून तेवढीच कामाची आहे.

वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. बेरीज करून प्रत्येक वर्गाला एक अंक. ६४४ म्हणजे मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला व इतरांना फक्त वाचणे. ६०० म्हणजे मालकाशिवाय कोणालाच काही नाही. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळे.

फोल्डरच्या बाबतीत याच अंकांचा अर्थ बदलतो, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. फोल्डरचे ‘वाचणे’ म्हणजे आतल्या नावांची यादी पाहणे. ‘लिहिणे’ म्हणजे आत नवी फाइल बनवणे, नाव बदलणे आणि पुसणे. ‘चालवणे’ म्हणजे त्या फोल्डरमधून पुढे जाणे. लक्षात ठेवायची गोष्ट ही की फाइल पुसण्याची परवानगी त्या फाइलीवर नसते, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर असते. फाइलीला ४४४ लावून ती सुरक्षित झाली असे वाटते. पण फोल्डर ७७७ असेल तर कोणीही ती उडवून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो.

पायरी २: स्क्रिप्ट कोणाच्या नावाने चालते ते शोधा

दोन शक्यता असतात.

पहिली, शेअर्ड होस्टिंगची. तिथे बहुधा स्क्रिप्ट तुमच्याच खात्याच्या नावाने चालते. तुम्ही चढवलेली फाइल आणि स्क्रिप्टने बनवलेली फाइल, दोन्हींचा मालक एकच.

दुसरी, स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरची. उबुंटू किंवा डेबियनवर वेब सर्व्हर आणि पीएचपी सहसा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाच्या वापरकर्त्याने चालतात. रेड हॅट घराण्यातल्या प्रणालींवर ते नाव बहुधा ‘अपाची’ किंवा ‘एनजिनएक्स’ असते. तुम्ही मात्र वेगळ्या नावाने शिरता. आपण ते खाते ‘मंडळ’ म्हणू. म्हणजे मालक दोन झाले.

तपासणी सोपी आहे. स्क्रिप्टकडून एक चित्र बनवून घ्या आणि त्या फोल्डरमध्ये ‘एलएस -एल’ चालवा. तिसऱ्या रकान्यात मालकाचे नाव येते, चौथ्यात गटाचे. टर्मिनल नसेल तर फाइलझिलातून त्या चित्राची परवानगी बदलून पाहा. बदलली तर मालक तुम्हीच, कारण रूटखेरीज फक्त मालकालाच परवानगी बदलता येते. चित्र पुसून पाहणे हा पुरावा होत नाही. पुसता येणे फोल्डरवर ठरते, हे वर आलेच आहे.

मालक एकच असेल तर काम निम्म्यावर आले. फोल्डर ७५५, फाइली ६४४, आणि पायरी ३ व ४ सोडून सरळ पाचवीवर जा. पुढे जिथे २७७५ येईल तिथे तुम्ही ७५५ च लावा.

पायरी ३: पूर्ण वाट तपासा

चित्राला ६४४ आहे, तरी ब्राउझर ४०३, म्हणजे ‘मनाई’, दाखवतो. अशा वेळी फाइलीकडे पाहत बसू नका, वाट पाहा. पोलाद कारखान्यातल्या रेल मिलचा पास खिशात असला तरी मेन गेटवर अडवले तर मिलपर्यंत पोहोचता येत नाही. तसेच इथे मुळापासूनच्या प्रत्येक फोल्डरवर ‘चालवणे’ लागते. एकाही ठिकाणी ते नसेल तर पुढचे सगळे बंद.

‘नेमआय -एल’ आणि पुढे चित्राचा पूर्ण पत्ता दिला की प्रत्येक टप्प्याची परवानगी ओळीने येते. नेहमी सापडणारा दोष असा: साइट ‘होम’ फोल्डरमधल्या स्वतःच्या खात्यात ठेवलेली असते. उबुंटूने २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचा होम फोल्डर ७५० ने बनवायला सुरुवात केली. वेब सर्व्हर ‘इतर’ मध्ये मोडतो, म्हणून तो दारातच थांबतो. पूर्वीच्या सर्व्हरवर चालणारी साइट नव्यावर अचानक ४०३ देते, त्याचे हे एक कारण असते.

उपाय म्हणून होम फोल्डर सताड उघडू नका. साइट ‘/एसआरव्ही’ किंवा ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ खाली हलवा. तिथे वाट आधीपासून मोकळी असते आणि तुमच्या खासगी फाइली त्या वाटेवर नसतात.

पायरी ४: चार खण आखा, गट बनवा

स्क्रिप्टला जिथे लिहायचे आहे ती जागा आणि जिथे लिहायचे नाही ती जागा वेगळी करा. मंडळासाठी चार खण पुरतात.

१. कोड: स्क्रिप्टच्या फाइली. मालक ‘मंडळ’, फोल्डर ७५५, फाइली ६४४. वेब सर्व्हरला फक्त वाचता येईल.

२. लहान फोटो: स्क्रिप्ट इथे लिहिणार, जग वाचणार, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना नको ते फोटो काढता आले पाहिजेत.

३. पावत्या: स्क्रिप्ट लिहिणार, पण जगाला थेट दिसता कामा नयेत.

४. क्यूआर: जग वाचणार, स्क्रिप्टने हातही लावायचा नाही.

दुसऱ्या खणात दोन वापरकर्त्यांना लिहायचे आहे, म्हणून ‘चित्रगट’ नावाचा गट बनवा आणि त्यात ‘मंडळ’ व ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ दोघांनाही घाला. यानंतर पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करा आणि स्वतः टर्मिनलमधून बाहेर पडून परत शिरा. गटातील नवी नोंद आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियेला लागू होत नाही. एवढे विसरल्याने पुष्कळ लोक तासभर डोके खाजवतात.

आता लहान फोटोंच्या फोल्डरचा गट बदला आणि परवानगी द्या:

सुडो सीएचओन मंडळ:चित्रगट लहान-फोटो

सुडो सीएचमॉड २७७५ लहान-फोटो

पुढचा २ हा ‘सेटजीआयडी’ चा अंक. फोल्डरवर तो असला की आत बनणारी प्रत्येक फाइल, बनवणारा कोणीही असो, ‘चित्रगट’ चीच होते. आतले नवे फोल्डरही हा गुण घेऊनच जन्मतात. आता मंडळाचा कार्यकर्ता स्क्रिप्टने बनवलेले चित्र पुसू शकतो, कारण फोल्डरवर गटाला लिहिता येते. मात्र त्याच नावाचे नवे चित्र जुन्याच्या डोक्यावर चढवायला गेला तर अडेल, कारण जुनी फाइल ६४४ असून मालक दुसरा आहे. आधी पुसा, मग चढवा. एवढ्यासाठी फाइलींच्या परवानग्या सैल करायची गरज नाही.

पायरी ५: स्क्रिप्टमध्येच परवानगी लिहा

नवी फाइल कोणत्या परवानगीने बनेल हे ‘युमास्क’ ठरवतो. फाइलीची सुरुवात ६६६ पासून, फोल्डरची ७७७ पासून, आणि युमास्कमध्ये जे अधिकार लिहिलेले आहेत ते त्यातून काढून घेतले जातात. युमास्क ०२२ असेल तर फाइल ६४४ आणि फोल्डर ७५५. ००२ असेल तर ६६४ आणि ७७५. ०२७ असेल तर ६४० आणि ७५०.

सर्व्हर बदलला की युमास्क बदलू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. पीएचपीत ‘युमास्क’ नावाचे फंक्शन आहे, पण ते पूर्ण प्रक्रियेला लागू होते आणि एकाच प्रक्रियेत अनेक धागे चालत असतील तर एकाचा बदल दुसऱ्याला लागतो. पीएचपीची अधिकृत माहितीही हेच सांगते: फाइल बनवल्यावर सीएचमॉड करा.

लिहिताना एक बारीक गोष्ट. आकडा अष्टमान पद्धतीचा आहे हे पीएचपीला पुढच्या शून्यावरून कळते. ०६४४ लिहा, नुसते ६४४ लिहिले तर तो दशमान आकडा समजला जातो आणि अष्टमानात त्याचे १२०४ होते. मग मालकाला फक्त लिहिता येते, वाचता येत नाही; गटाला काहीच नाही; इतरांना वाचता येते. असली विचित्र परवानगी यादीत दिसली की राहिलेला शून्य शोधा. पायथनमध्ये हाच आकडा शून्य, छोटा ओ, मग ६४४ असा लिहितात.

स्क्रिप्ट वर्षाप्रमाणे उपफोल्डर बनवत असेल, तर ‘एमकेडीआयआर’ नंतर लगेच त्या उपफोल्डरला ०२७७५ लावा. न लावल्यास युमास्कमुळे तो २७५५ राहतो आणि त्यातले फोटो कार्यकर्त्यांना पुसता येत नाहीत.

पायरी ६: आधी तात्पुरती फाइल, मग नाव

आरतीनंतर एकाच वेळी अनेक जण पान उघडतात. चित्र अर्धे लिहून झालेले असताना कोणी ते मागितले तर अर्धेच जाते. हे टाळायची रीत अशी:

१. चित्र जिथे ठेवायचे त्याच फोल्डरमध्ये ‘टेम्पनेम’ फंक्शनने तात्पुरती फाइल घ्या.

२. ‘इमेजजेपेग’ किंवा ‘इमेजवेबपी’ ने चित्र तिच्यात लिहा.

३. फाइलीचा आकार शून्याहून मोठा आहे का ते पाहा. चित्र लिहिणे आतून फसले तरी ही फंक्शने कधी कधी ‘झाले’ असेच उत्तर देतात. डिस्क भरलेली असेल तर हाती रिकामी फाइल येते.

४. तिला ०६४४ लावा.

५. ‘रीनेम’ ने खरे नाव द्या.

एकाच फाइल-प्रणालीवर नाव बदलणे एका दमात होते. बघणाऱ्याला जुने चित्र दिसते किंवा पूर्ण नवे, मधले काही नाही.

चौथे पाऊल गाळू नका. ‘टेम्पनेम’ फाइल ६०० ने बनवते, आणि नाव बदलले तरी परवानगी तीच राहते. पीएचपी एका नावाने आणि वेब सर्व्हर दुसऱ्या नावाने चालत असेल, तर चित्र डिस्कवर आहे, पूर्ण आहे, पण जगाला ४०३. ‘स्क्रिप्ट चालते पण चित्र दिसत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच निघते.

आणखी एक खाच. ‘टेम्पनेम’ ला दिलेला फोल्डर नसेल किंवा त्यात लिहिता येत नसेल, तर ते गुपचूप प्रणालीच्या तात्पुरत्या फोल्डरकडे वळते. नव्या आवृत्त्यांत फक्त एक सूचना लॉगमध्ये पडते. म्हणून मिळालेला पत्ता आपल्याच फोल्डरचा आहे का, ते स्क्रिप्टमध्ये तपासा.

पायरी ७: जुना पसारा आवरा

आधी कोणी ७७७ लावून ठेवले असेल तर ते काढायचे आहे. पूर्ण फोल्डरवर सरसकट ६४४ लावू नका. फोल्डरांचे ‘चालवणे’ जाईल आणि आत शिरताच येणार नाही. सरसकट ७५५ लावले तर प्रत्येक चित्राला नको असलेले ‘चालवणे’ मिळेल. म्हणून फोल्डर आणि फाइली वेगळ्या हाताळा:

सुडो फाइंड लहान-फोटो -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७५ {} +

सुडो फाइंड लहान-फोटो -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६४४ {} +

‘डी’ म्हणजे फोल्डर, ‘एफ’ म्हणजे साधी फाइल. ही आज्ञा चालवण्यापूर्वी ‘-एक्झेक’ पासून पुढचा भाग काढून एकदा नुसती यादी पाहून घ्या. चुकीच्या फोल्डरमध्ये उभे राहून ती चालवली तर कोडच्या परवानग्याही बदलतील.

साइटमध्ये ७७७ अजून कुठे उरले आहे ते ‘फाइंड’ ला ‘-पर्म -००२’ ही अट देऊन कळते. इतरांना लिहिता येणारी प्रत्येक वस्तू ती दाखवते. दुवे, म्हणजे सिमलिंक, या यादीत नेहमीच ७७७ दिसतात, त्यांची काळजी नको. शेवटी ही यादी दुव्यांखेरीज रिकामी आली पाहिजे.

पायरी ८: चित्रांच्या फोल्डरमध्ये कोड चालू देऊ नका

फाइलीला ‘चालवणे’ दिलेले नाही, म्हणजे ती पीएचपी म्हणून चालणार नाही, हा समज चुकीचा आहे. पीएचपीला फाइल फक्त वाचता आली की पुरते. ६४४ असलेली पीएचपी फाइल छान चालते. म्हणून परवानगीच्या जोडीला सर्व्हरची मनाईही लागते.

ऑगस्ट २०११ मध्ये वर्डप्रेसच्या जगाला याचा मोठा फटका बसला. टिमथंब नावाची, फोटोंच्या लहान आवृत्त्या बनवणारी स्क्रिप्ट अनेक थीममध्ये वापरलेली होती. ती फ्लिकरसारख्या ठरावीक संकेतस्थळांवरून चित्रे आणून स्वतःच्या साठवणीच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. पण पत्त्यात अशा एखाद्या संकेतस्थळाचे नाव कुठेतरी आहे का, एवढेच ती पाहायची. हल्लेखोरांनी आपल्या पत्त्यातच ते नाव गुंफले आणि चित्राऐवजी पीएचपी फाइल पाठवली. साठवणीचा फोल्डर वेबवरून थेट उघडत होता, त्यामुळे ती फाइल चालवणेही सोपे झाले. मार्क मॉन्डर यांच्या स्वतःच्याच ब्लॉगवर हल्ला झाला आणि त्यांनी हा दोष शोधून जगापुढे मांडला.

यातून करायचे ते असे. वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर लहान-फोटोच्या पत्त्यासाठी वेगळा विभाग लिहा आणि त्यात ‘.पीएचपी’ ने संपणाऱ्या नावांना नकार द्या. हा विभाग पीएचपीकडे पाठवणाऱ्या विभागाच्या आधी लागू होतो ना, ते पाहा. अपाची असेल तर मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये त्या फोल्डरसाठी हाच नकार लिहा आणि ‘अलाऊओव्हरराइड नन’ ठेवा, म्हणजे कोणी आत ‘.एचटीॲक्सेस’ टाकून नियम बदलू शकणार नाही. फाइलीचे नाव पाठवणाऱ्याने दिलेले वापरू नका. स्क्रिप्टने स्वतः बनवावे आणि शेवटही स्वतःच लावावा.

पायरी ९: पावत्या आणि क्यूआर

पावतीवर नाव, रक्कम, कधी कधी सेक्टर आणि क्वार्टर नंबरही असतो. पावत्या वेबच्या फोल्डरमध्ये ‘१०१’, ‘१०२’ अशा नावांनी ठेवल्या तर एक पावती मिळालेला माणूस पत्त्यातला आकडा बदलून सगळ्यांच्या वर्गण्या बघू शकतो. परवानगीचा कोणताही आकडा याला थांबवत नाही. ज्या वेब सर्व्हरने एक फाइल दिली तोच दुसरीही देणार.

म्हणून पावत्यांचा फोल्डर वेबच्या मुळाबाहेर ठेवा. मालक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, गट ‘चित्रगट’, फोल्डर २७५०, फाइली ६४०. पावती मागणारा तोच सदस्य आहे याची खात्री करून स्क्रिप्टने स्वतः फाइल वाचून द्यावी. फोल्डर २७५० असल्याने फाइल बनल्यापासून तिला ६४० लागेपर्यंतच्या क्षणातही बाहेरच्याला वाट नसते.

क्यूआरची गोष्ट उलट आहे. तो सगळ्यांनी बघावा, पण कोणी बदलू नये. तो प्रत्येक भेटीला नव्याने बनवण्याची गरजच नाही. ‘मंडळ’ खात्याने टर्मिनलवरून एकदा बनवा. फोल्डर ७५५, फाइल ६४४, मालक आणि गट दोन्ही ‘मंडळ’. फोल्डर ‘चित्रगट’ ला देऊ नका. आता स्क्रिप्टमध्ये उद्या एखादे भोक निघाले तरी तिच्यातून शिरलेल्याला या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. शेअर्ड होस्टिंगवर ही सोय नसते, कारण तिथे स्क्रिप्टचा आणि तुमचा मालक एकच. तिथे क्यूआर अधूनमधून फोनवर स्कॅन करून खातेदाराचे नाव बघणे हाच पहारा.

पायरी १०: चाचणी घ्या

उत्सवाच्या आधी चार गोष्टी करून पाहा.

१. नवा फोटो चढवा आणि लहान आवृत्ती मोबाइलवरून, लॉगिन न करता उघडा. दिसली पाहिजे.

२. ‘सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा टच’ आणि पुढे क्यूआर फोल्डरमधले एखादे नवे नाव द्या. ‘परमिशन डिनाइड’ आले पाहिजे. कोडच्या फोल्डरवरही हेच करून पाहा.

३. लहान-फोटोमध्ये एका ओळीची पीएचपी फाइल ठेवा आणि ब्राउझरमधून मागा. नकार आला पाहिजे. मग ती पुसा.

४. पावतीचा पत्ता दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या सदस्याच्या खात्याने उघडून पाहा. उघडता कामा नये.

बिघडले तर

- ४०३: फाइल ६०० आहे, किंवा वाटेवर एखाद्या फोल्डरला ‘चालवणे’ नाही. पायरी ३ आणि ६.
- ४०४: चित्र बनलेच नाही. एरर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ असेल तर स्क्रिप्टला फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. ‘नो स्पेस’ असेल तर डिस्क भरली आहे.
- ७७७ लावताच ५००: काही होस्टिंगवर सुएक्झेक असते. स्क्रिप्ट किंवा तिचा फोल्डर मालकाखेरीज कोणाला लिहिता येत असेल तर ते स्क्रिप्ट चालवायलाच नकार देते. ७५५ आणि ६४४ करा.
- लॉगमध्ये ‘ओपन बेसडिर’: परवानगीचा प्रश्नच नाही. पीएचपीला त्या फोल्डरबाहेर जाण्याची मनाई कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेली आहे. पावत्यांचा फोल्डर त्या यादीत घाला.
- रेड हॅट घराण्यावर सगळे बरोबर असून नकार: एसईलिनक्स, म्हणजे परवानग्यांखेरीजचा वेगळा सुरक्षा-थर. ‘एलएस -झेड’ ने, झेड मोठा, लेबल पाहा. स्क्रिप्टला लिहायच्या फोल्डरला ‘एचटीटीपीडी-सिस-आरडब्ल्यू-कंटेंट-टी’ हे लेबल लागते; रोमनमध्ये लिहिताना यातल्या जोडरेघांच्या जागी अधोरेघा. एसईलिनक्स बंद करून टाकणे हा उपाय नव्हे.
- काल चालत होते, आज जुने चित्र बदलत नाही: कोणीतरी स्क्रिप्ट रूटच्या नावाने किंवा क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीतून, दुसऱ्या नावाने चालवली, आणि फाइलीचा मालक बदलला. क्रॉनमधले काम त्याच वापरकर्त्याच्या नावाने लावा ज्याच्या नावाने वेबवरून स्क्रिप्ट चालते.

सर्व्हर बदलताना आणि कारभार देताना

विंडोजच्या संगणकावर उतरवून पुन्हा चढवलेल्या फाइलींवर जुन्या परवानग्या आणि मालक राहत नाहीत. गिट फक्त ‘चालवणे’ आहे की नाही एवढेच लक्षात ठेवते. लिनक्सवरून लिनक्सवर नेताना ‘आरसिंक -ए’ परवानग्या सांभाळते; मालकही सांभाळायचा तर ते रूटच्या नावाने चालवावे लागते, आणि दोन्ही यंत्रांवर ती नावे असावी लागतात. काहीही केले तरी नव्या जागी पायरी २ पासून पुन्हा तपासा, कारण तिथे पीएचपी वेगळ्या नावाने चालत असू शकते.

मंडळाची कार्यकारिणी बदलते, संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी गाव सोडतो, आणि पासवर्डाखेरीज काहीच पुढच्याच्या हाती येत नाही. म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून मंडळाच्या फाइलीत लावा: प्रत्येक खणाचा पत्ता, मालक, गट आणि आकडा. पाचव्या ओळीत पीएचपी कोणाच्या नावाने चालते ते लिहा. पुढच्या वर्षी फोटो दिसेनासा झाला तर नव्या माणसाने आधी ‘एलएस -एल’ चालवून प्रत्यक्षातली नावे या कागदाशी ताडून पाहावीत. जिथे फरक निघेल तेवढीच जागा दुरुस्त करावी.